एकच चाती

बँकेतून निवृत्त झाले त्या मार्चमध्ये
जो तो विचारून राहिला, आता काय करणार?
मी म्हटलं, काही नाही.
आणि खादी भांडारातून पेटीचरखा घेऊन आले,
रिक्षात मांडीवर धरून,
दुसऱ्याचं मूल धरावं तसा.

पहिला आठवडा नुसतं तुटणं.
कुठे शेवईसारखं, कुठे गांडुळासारखं,
मध्येच शेंगदाण्याएवढी गाठ.
सकाळी कचऱ्याची गाडी गात गात आली
तेव्हा मी दारात, मूठभर गुंतवळ घेऊन:
हे ओल्यात टाकू की सुक्यात?
पोरगा वाकून बघतो, म्हणतो,
"आंटीजी, ये किसके बाल हैं?"

छत्तीस वर्षं या बोटांनी नोटा मोजल्या.
अंगठ्याला सवय पुढे सरकवायची,
दुसऱ्याचं दुसऱ्याला देऊन टाकायची.
सुताचं तसं नाही.
धर, पण मुठीत नको.
सोड, पण हातचं नको.
हे कुणी सांगून येत नाही.
एका मंगळवारी कुकरच्या दुसऱ्या शिट्टीला
पेळूतून धागा निघाला तो निघतच राहिला,
हात खांद्यामागे गेला तरी निघतच राहिला,
तिसरी झाली, चौथी झाली, सातवी झाली.
डाळीचा लगदा झाला.
विद्याधरनी तो मुकाट्याने खाल्ला,
वर लोणचं मागितलं.

बुधवारी दुपारी खालच्या मजल्यावरून तस्नीम येते,
नवऱ्याच्या टोपीचा सोनेरी घेर
चौथ्यांदा उसवायला.
चौथ्या मजल्यावरचा मकरंद येतो,
लॅपटॉपच्या पिशवीत लोकर, दोन सुया,
आणि एक मोजा, ज्याला जोडीदार मिळेना:
दुसरा विणला तो त्याच्या भाच्याला होतो.
शेव-परमल आम्ही चमच्याने खातो,
तेलाचं बोट सुताला चालत नाही.
इंदुरात चमच्याने शेव खाणारे
आम्ही तिघंच असू.

अण्णा असते तर हसले असते.
नसतेही कदाचित.
रिंग खात्यात त्यांच्या वाट्याला चारशे चात्या होत्या.
भोंग्याला जायचे, भुवयांत कापूस घेऊन यायचे.
आई उंबऱ्यावरच थांबवायची:
आधी झटका, मग आत या.
घरात त्यांनी कधी सुईत दोरा ओवला नाही.
सदऱ्याचं बटण तुटलं तर टाचणी लावून जायचे.
गिरणी गेली, चौकाला नाव तेवढं राहिलं;
बसवाला ओरडतो, मालवा मिल, मालवा मिल,
आणि माणसं उतरतात, भाजी घ्यायला.

ज्या कामातून सुटायला त्यांना साठ वर्षं लागली
ते मी पैसे मोजून घरी आणलंय,
आणि मला त्यात सुख होतं.
हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं?

एकदाच. मी सहावीत होते,
शाळेत सूतकताईचा तास असायचा.
टकळीवरचा धागा तुटला म्हणून ओसरीत रडत बसले होते.
त्यांनी दोन टोकं चिमटीत घेतली,
माझ्याकडे न बघता, धाग्याकडेही न बघता,
एक पीळ, आणि सांधा बसला.
गाठ नव्हतीच.
कसं केलंत, विचारलं.
काय, म्हणाले. आणि चहा मागितला.

आता माझाही सांधा बसतो,
दहातले सहा.
तस्नीम विचारते, इतक्या सुतात होणार काय?
हातरुमाल, मी म्हणते. अर्धा, मकरंद म्हणतो.
माग घ्यायचा का, यावर आमचं अजून भांडण चालू आहे;
विद्याधर खाट हलवायला तयार नाहीत.

काल आरशात पाहिलं,
डाव्या भुवईत कापूस.
झटकला नाही.
तशीच दूध आणायला गेले.